बाबागाडी निवडा, पण वाट पाहून!

मॉलच्या फरशीवर सुरेख धावणारी बाबागाडी मुरमाच्या वाटेवर का अडते? बाळाला घेऊन शहराबाहेर भटकायला आवडणाऱ्या कुटुंबांनी दणकट बाबागाडी घेताना काय तपासावे आणि केव्हा ती घेऊच नये, याविषयी थोडेसे.

बाळ पाच-सहा महिन्यांचे झाले की आईला घराच्या भिंती टोचू लागतात. बाळंतपणाची विश्रांती संपलेली असते, दिवस-रात्र दूध, दुपटी आणि झोपेची आळवणी चाललेली असते. रायपूरसारख्या शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने म्हणजे तर भटकंतीचेच दिवस. सकाळी कोवळे ऊन, हवेत सुखद गारवा. मग एखाद्या रविवारी डबा भरला जातो, बारशाला भेट मिळालेली बाबागाडी मोटारीच्या डिकीत जाते आणि मंडळी राजिमला निघतात.

महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर पोहोचल्यावर मात्र सगळा उत्साह मावळतो. वाळूत गाडीची चाके रुततात. बाबा पुढून ओढतात, आई मागून ढकलते, बाळ रडू लागते. शेवटी बाळ आईच्या कडेवर, गाडी बाबांच्या खांद्यावर आणि पिशव्या आजीच्या हातात! घरी येताना एकच सूर असतो, "उगीच आणली ही गाडी."

दोष गाडीचा नसतो. ती ज्या वाटेसाठी बनली आहे ती वाट वेगळी असते, एवढेच.

दोन गाड्या, दोन उद्देश

आज घरोघरी दिसणाऱ्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या बाबागाडीचे मूळ १९६५ सालचे आहे. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने ती तयार केली. विमानाची चाके घडी होऊन आत जातात, त्या यंत्रणेचा त्यांना अनुभव होता. त्यांची पहिली गाडी जेमतेम पावणेतीन किलोची होती. प्रवासात सहज उचलता यावी, हा तिचा हेतू.

दणकट गाडीची गोष्ट याच्या उलट आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील फिल बेक्लर यांना आपल्या लहान मुलाला बरोबर घेऊन धावायला जायचे होते. साध्या गाडीने ते जमेना, म्हणून त्यांनी बाबागाडीला सायकलची चाके लावली. तीन मोठ्या चाकांच्या गाड्यांची लाट तिथून सुरू झाली. पुढे न्यूझीलंडसारख्या डोंगराळ देशात खास रानवाटांसाठी अशा गाड्या बनू लागल्या.

तेव्हा खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपण महिन्यातून किती वेळा खडबडीत वाटेवर चालणार आहोत? उत्तर 'वर्षातून दोनदा' असेल तर पैसे वाचवा. 'दर रविवारी' असेल तर पुढे वाचा.

बैलगाडीचे चाक मोठे का?

चाकाची निवड हा या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत का येते, याचा विचार केलाय कधी? मोठे चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही आणि दगडावर सहज चढते. हलक्या बाबागाडीचे चाक वीतभरही नसते. तिच्यासमोर अंगठ्याएवढा दगड आला तरी ती भिंत लागल्यासारखी थांबते आणि बाळ पुढे फेकले जाते. दणकट गाडीची चाके बारा ते सोळा इंचांची असतात. तोच दगड ती अलगद ओलांडतात.

रायपूरच्या आसपासची जमीन एकसारखी नाही. छत्तीसगढी शेतकरी तिला वेगवेगळ्या नावांनी ओळखतो. 'भाठा' म्हणजे लालसर मुरमाड, खडे असलेली जमीन. इथे मोठी चाके उत्तम चालतात. 'कन्हार' म्हणजे काळी, चिकट माती. पावसाळ्यात ती चाकांना असा लगदा चिकटवते, की कुठलीही गाडी चालत नाही. धानाच्या शेतातले बांध तर इतके अरुंद असतात, की तिथे गाडी नेण्याचा विचारच नको.

टायर हवेचा की भरीव? हवेचा टायर धक्के चांगले पचवतो, पण बाभळीचा एक काटा त्याला पुरतो. भरीव टायर पंक्चर होत नाही, मात्र खड्ड्यांचा हादरा बाळापर्यंत जास्त पोहोचतो. नियमित रानवाटांसाठी हवेचा टायर घ्या. तो बारा किंवा सोळा इंचांचा असेल तर मुलांच्या सायकलची ट्यूब बहुधा चालते. गल्लीतल्या सायकलवाल्याला चाक दाखवून तशी ट्यूब मिळते का, हे खरेदीपूर्वीच विचारा. खडबडीत वाटेवर टायर दगडासारखा टणक फुगवू नका. कमाल दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो, त्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवली तर गाडी मऊ चालते.

पुढचे चाक फिरते असेल तर ते सरळ स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवीच. बाजारात फिरताना फिरते चाक सोयीचे. पण मुरमावर तेच चाक लटपटू लागते आणि गाडी एकाएकी वळते.

ब्रेक, पट्टा आणि मनगटाची दोरी

रायपूर हे तलावांचे शहर. काठावर फिरायला गेले की घाट आणि उतार आलेच. इथे ब्रेकची परीक्षा होते.

ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या अॅशबर्टन रेल्वे स्थानकावर एक बाबागाडी आईचा हात क्षणभर सुटताच घरंगळत रुळांवर पडली आणि समोरून येणारी गाडी तिच्यावर आदळली. सहा महिन्यांचे बाळ किरकोळ दुखापतीवर वाचले. ते पट्ट्याने गाडीत बांधलेले होते. ही घटना स्थानकाच्या कॅमेऱ्यात टिपली गेली आणि जगभर दाखवली गेली. थांबलात की ब्रेक लावा, बाळ बसले की पट्टा बांधा, हे दोन नियम तिने सर्वांना शिकवले.

म्हणून गाडीत पुढील गोष्टी पाहा. दोन्ही मागची चाके एकदम अडवणारा, पायाने लागणारा ब्रेक. उतारावर वेग आवरण्यासाठी दांड्यावरचा हातब्रेक असेल तर उत्तम. दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंची कंबर आणि पायांमधून येणारा असा पाच टोकांचा पट्टा. आणि दांड्याला बांधलेली, मनगटात अडकवायची दोरी. ही दोरी बायकांना बहुधा अडचणीची वाटते आणि ती सीटखाली गुंडाळून ठेवली जाते. उतारावर मात्र ती मनगटातच हवी.

पुढचे चाक झटकन काढता येणारे असेल तर निघण्यापूर्वी ते घट्ट बसले आहे का, हे प्रत्येक वेळी तपासा. असे चाक चालता चालता निसटून माणसे जखमी झाल्याच्या तक्रारींवरून २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने एका कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती. घडीच्या बिजागऱ्यांचेही तसेच. २००९ मध्ये बिजागरीत मुलांची बोटे चिमटून तुटण्याच्या घटनांमुळे अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी संरक्षक आवरणे द्यावी लागली. गाडी उघडताना-मिटवताना मुलांना हातभर दूर ठेवा.

आजीचे म्हणणे अर्धे खरे

"एवढ्याशा जिवाला कशाला धक्के देता?" असे घरातली वडील मंडळी म्हणतात तेव्हा सुनेला राग येतो. पण त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तान्ह्या बाळाची मान सावरलेली नसते. जन्मापासून पहिले काही महिने बाळाला सपाट झोपवता येईल अशीच गाडी हवी आणि तीही सपाट रस्त्यावर. बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, खडबडीत वाट टाळावी. गाडी घेऊन धावण्यासाठी तर बहुतेक उत्पादक सहा ते आठ महिन्यांची अट घालतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

बाळ गाडीत झोपले आणि त्याची हनुवटी छातीला टेकली तर थांबा. अशाने श्वासाची वाट अडू शकते. पाठ मागे करून त्याला सपाट झोपवा.

राहिलेले अर्धे म्हणजे 'दृष्ट लागेल', 'बाहेरची हवा बाधेल'. त्यासाठी आजीलाच बरोबर फिरायला न्यावे!

उन्हात कापड टाकताना सावधान

आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा पातळ दुपटे टाकण्याची पद्धत आहे. आईच्या मायेने केलेली ही गोष्ट बाळाला त्रासदायक ठरू शकते. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. कोरड्या मलमलीने झाकलेल्या गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढले. तेच कापड ओले करून टाकल्यावर ते चार अंशांहून अधिक उतरले.

रायपूरकरांना हे नवे वाटू नये. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर गार करण्याचे तत्त्व तेच. पाणी वाळताना उष्णता शोषून घेते. मात्र कापड वाळले की ते पुन्हा उष्णता कोंडू लागते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी ते ओले करावे लागते. पावसाळ्याच्या दमट हवेत तर हा उपाय फारसा चालत नाही. गाडी पूर्ण झाकू नका, एक बाजू उघडी ठेवा आणि हात आत घालून बाळाची मान गरम लागते का ते पाहत राहा.

सर्वांत चांगले म्हणजे लांब छप्पर असलेली, पाठीला जाळीची खिडकी असलेली, फिकट रंगाची गाडी घेणे. मच्छरदाणी बरोबर मिळते का तेही पाहा. आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी पार करतो तेव्हा सकाळी आठनंतर बाळाला घेऊन रानवाटेला जाऊच नये. तिथे कुठलीही गाडी कामाची नाही.

कुठे कोणती गाडी?

तेलीबांधा तलावाच्या काठचा फरसबंद रस्ता साध्या गाडीलाही चालतो. नवा रायपूरमधील पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. तिथल्या पायवाटांवर आणि हिरवळीवर मोठ्या चाकांची गाडी सुखाने फिरते.

सिरपूरला विटांच्या प्रसिद्ध लक्ष्मण मंदिराभोवती गाडी नेता येईल, पण सुरंग टीलाच्या उभ्या पायऱ्यांवर बाळ अंगावरच घ्यावे लागेल. राजिमच्या वाळूत मोठी चाकेही दमवतात. गाडी उलटी फिरवून मागे ओढत नेली तर थोडी सोपी जाते. बारनवापारा अभयारण्यात अस्वले आणि बिबटे आहेत. तिथे रानात पायी फिरण्याचा प्रश्नच येत नाही, गाडी विश्रामगृहाच्या आवारापुरती.

जिथे चाक थांबते तिथे झोळी कामाला येते. छत्तीसगढच्या खेड्यांतल्या बाया लेकराला कापडाने अंगाशी बांधून डोंगर-नाले पार करतात. आपणही तसे करू शकतो. बाळाचा चेहरा दिसला पाहिजे, हनुवटी छातीपासून वर असली पाहिजे आणि पाय लोंबकळते न राहता गुडघे कुल्ह्यांपेक्षा वर आले पाहिजेत.

तांदळाची पिशवी घेऊन दुकानात

दुकानातली रिकामी गाडी नेहमीच छान चालते. म्हणून धानाच्या या प्रदेशात एक सोपी परीक्षा सुचवाविशी वाटते. दहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्या, ती सीटवर ठेवून पट्टा बांधा आणि दुकानदाराच्या परवानगीने गाडी बाहेर काढा.

एका हाताने सरळ ढकलता येते का? दांडा खाली दाबला की पुढचे चाक सहज उचलले जाते का? उतारावर ब्रेक लावून हात सोडला तर गाडी जागची हलते का? दांड्याला पर्स लटकवली तर गाडी मागे कलंडते का? कलंडली तर सामान खालच्या टोपलीतच ठेवायचे, हे तेव्हाच पक्के करा.

मग घरची मापे. दणकट गाडीची रुंदी दोन फुटांच्या आसपास असते आणि वजन दहा ते चौदा किलो. फ्लॅटचे दार, लिफ्ट आणि मोटारीची डिकी आधी टेपने मोजून ठेवा. डिकीत सीएनजीचे सिलिंडर असेल तर चाके काढून गाडी बसते का, ते पाहा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्या किंवा स्कूटरवरच फिरणाऱ्या कुटुंबाने ही गाडी घेऊ नये. ओल्या बाळंतिणीला ती जिन्यातून उचलून नेणे जमणार नाही आणि गाडी बाल्कनीत धूळ खात पडेल. त्यांच्यासाठी चांगली झोळी आणि हलकी गाडी हीच जोडी योग्य.

अशी गाडी साध्या गाडीच्या कितीतरी पट महाग असते, तेव्हा वापरलेली घेण्यात कमीपणा नाही. परदेशातून नातेवाईक आणणार असतील तर दोन जादा ट्यूब मागवून घ्या. जुनी घेताना सांगाडा वाकलेला नाही, पट्ट्याचे बक्कल सुटत नाही आणि ब्रेक दोन्ही चाकांना लागतो, एवढे तपासा. त्या नमुन्यातल्या दोषामुळे कंपनीने ती परत मागवली होती का, हेही पाहा.

ढकलणार कोण?

शेवटचा मुद्दा दांड्याच्या उंचीचा. दांडा वर-खाली करता येणारा असावा. पाच फूट उंचीच्या आईला आणि पावणेसहा फुटांच्या बाबांना एकच उंची चालत नाही. वाकून ढकलले की कंबर धरते.

आपल्याकडे बाबागाडी ढकलताना अजूनही पुष्कळ पुरुषांना संकोच वाटतो. नाव 'बाबागाडी' असून ती चालवायची मात्र आईनेच! खरे तर मुरमाच्या चढावर दहा किलोचे बाळ आणि बारा किलोची गाडी ढकलणे हे ताकदीचे काम आहे. ते बाबांनी घ्यावे. आईला तेवढाच तासभर हात हलवत, मोकळ्या हवेत चालता येईल. घरातल्या कामाच्या रगाड्यात तिला दुसरीकडे कुठे हा तास मिळणार आहे?