आधी इको, मग हुकूम

आमच्या उर्दू शाळेच्या संगणक कक्षात जुने संगणक आहेत. त्यांवर उबंटू चालते, कारण ते मोफत मिळते. मागच्या वर्षी दहावीच्या अर्जांसाठी आम्ही मुलींचे ६४ फोटो काढले. कॅमेऱ्याने दिलेली नावे बदलून प्रत्येक फोटोला हजेरी क्रमांक द्यायचा होता. हाताने करायचे तर अख्खी दुपार गेली असती. म्हणून आम्ही तिघी शिक्षिका शेल स्क्रिप्ट शिकायला बसलो.

शेल म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. आपण कमांड म्हणजे हुकूम लिहायचा, तो संगणकाकडून काम करून घेतो. 'एलएस' लिहिले की फायलींची यादी दिसते, 'सीपी' नक्कल काढते, 'एमव्ही' नाव बदलते. हेच हुकूम एका फायलीत ओळीने लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला, १९८९ साली आलेला 'बॅश' हा शेल आजही बहुतेक लिनक्स संगणकांवर असतो.

आम्ही 'फॉर' वापरून लिहिले: एकेक फोटो घे आणि नाव बदल. पण क्रमांक वाढवायची ओळ राहून गेली. सगळ्या फोटोंना एकच नाव मिळाले आणि एमव्हीने न विचारता आधीच्या फोटोवर पुढचा चढवला. क्षणात ६४ चा १ झाला. कचरापेटीतही काही नव्हते. अर्जाची मुदत दोन दिवसांवर! अल्हम्दुलिल्लाह, कॅमेऱ्यातले कार्ड अजून पुसलेले नव्हते.

संध्याकाळी आमच्यातल्या एकीचा भाचा आला. म्हणाला, "खाला, एमव्हीच्या आधी इको लिहा. मग शेल नाव बदलणार नाही, काय करणार आहे तेवढेच दाखवील." तसे केले तर पडद्यावर ६४ ओळी, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच नाव. चूक समोर दिसली.

तेव्हापासून आम्ही चार गोष्टी पाळतो. मूळ फायलींची नक्कल आधी काढायची. इको लावून पाहायचे. 'एमव्ही'पुढे 'डॅश आय' लिहायचे, म्हणजे जुनी फाइल पुसण्याआधी तो विचारतो. आणि फायलीच्या नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचे, नाहीतर शेल एका नावाची दोन नावे समजतो.

घरी जुना संगणक पडून असेल तर मुलांबरोबर तुम्हीही बसा. आमच्या वर्गात आता पहिला हुकूम इकोच असतो, आणि त्याआधी मुलींना आमच्या ६४ फोटोंची हकीकत सांगतो.