काळ्या लुगड्यावरची भुकटी

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या एका वाड्याचं छप्पर उतरवायचं, हे जवळपास ठरलंच होतं. मयालींना, खांबांना बारीक बारीक भोकं. कीडनाशक फवारणारा येऊन 'सगळं लाकूड गेलं' म्हणून गेला होता. पत्र्याच्या छपराचा हिशेबही मांडून झाला होता. मी गेले होते जुन्या सागवानी कामाचे फोटो काढायला, खरं तर निरोप घ्यायला.

गावातले म्हातारे वाढई मात्र घाईत नव्हते. त्यांनी मयालीत दाभण टोचलं. पेरभर आत गेलं आणि अडलं. मग त्यांनी भोकं ब्रशनं झाडून काढली, खाली घरातली काळी लुगडी अंथरली आणि म्हणाले, "तीन राती थांबा."

चौथ्या सकाळी लुगड्यांवर दोनच जागी भुकटी होती, मैद्यासारखी मऊ. वर पाहिलं तर नेमके चार वर्षांपूर्वी बदललेले दोन वासे!

"म्हाताऱ्या गाभ्याच्या वाटी घुण जात नाही, ताई. पांढऱ्या लाकडात गोडवा असते, तेवढाच खाते तो."

त्यांचा गोडवा म्हणजे स्टार्च. सालीलगतच्या पांढऱ्या थरात झाड तो साठवतं. घुणाची मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते, अळी आतल्या आत स्टार्चवर पोसते आणि भोक पाडते ती बाहेर पडताना, भुंगेरा झाल्यावर. शंभर वर्षांच्या मयालीवरची भोकं म्हणजे कधीच उडून गेलेल्या किड्यांची दारं. सागाच्या गाभ्यात त्याला खायला काही नसतं. उलट वाळवीलाही न मानवणारं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं. ओकच्या वाट्याला हे भाग्य नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं मध्ययुगीन छप्पर भुंगेऱ्यांनी इतकं पोखरलं, की १९१४ ते १९२३ पोलादाचे आधार देत बसावं लागलं.

यवतमाळच्या रानातल्या थोराड सागाला गाभा भरपूर. कोवळ्या झाडाच्या वाशात पांढरं लाकूड जास्त, आणि स्वस्तात तेच मिळतं. जुन्या घराला आपण असलं लाकूड जोडतो आणि दोष घराच्या वयाला देतो, याचं मला फार वाईट वाटलं.

ते दोन वासे काढले. पडक्या गोठ्यातले जुने वासे तासून, पांढरं उरलं नाही असं बघून चढवले. त्या रात्री लुगडी पुन्हा अंथरली. सकाळी त्यांवर चिमणीच्या घरट्यातल्या दोन काड्या होत्या.