काचबिंदू, गांजा आणि अर्धे सत्य

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात थोडा वेळ आरोग्याच्या गप्पा होतात. मागे एक काका सहज म्हणाले, "डोळ्यांत टाकायचे थेंब मी बंद केलेत. काचबिंदूला गांजा चालतो म्हणे, मोबाईलवर आलं होतं." काकांना लगेच खोटे पाडण्यापेक्षा आम्ही ही गोष्ट तपासून पाहिली. ती पूर्ण खोटी नाही, अर्धी खरी आहे. म्हणूनच ती जास्त घातक आहे.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. हा निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढतो. पाऱ्याच्या मापात हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर असतो. वाढलेल्या दाबाने डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांना काही दुखत नाही. आधी कडेचे दिसणे कमी होते, त्यामुळे लवकर पत्ताही लागत नाही. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेनंतर नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते.

आता गांजाकडे वळू. १९७१ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या संशोधकांना असे आढळले की, गांजा ओढल्यावर डोळ्यातला दाब सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी उतरतो. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतल्याच रॉबर्ट रँडल या काचबिंदूच्या रुग्णाचा गांजा वापरण्याचा बचाव न्यायालयाने मान्य केला. ही बातमी तेव्हापासून फिरते आहे. तिचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही.

दाब उतरतो तो फक्त तीन-चार तास. काचबिंदूत तो चोवीस तास ताब्यात हवा. म्हणजे दिवस-रात्र मिळून सहा ते आठ वेळा गांजा ओढावा लागेल. असा माणूस काम काय करणार, गाडी काय चालवणार? शिवाय गांजाने रक्तदाबही उतरू शकतो. मग आधीच दुबळ्या झालेल्या नसेला रक्त आणखी कमी मिळण्याचा धोका असतो. म्हणजे दाबाचा आकडा खाली आला तरी नस वाचेलच असे नाही. गांजातल्या सीबीडी या घटकाने दाब उलट वाढल्याचेही काही प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे 'सीबीडी तेल' घेऊन डोळे वाचतील, या भ्रमात राहू नये. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनाही काचबिंदूसाठी गांजाची शिफारस करत नाहीत. आपल्याकडे तर १९८५ च्या कायद्याने गांजा जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे.

याउलट लॅटॅनोप्रोस्टसारखा थेंब रात्री एकदा टाकला की दिवसभर काम करतो. टिमोलॉल हाही जुना, वापरातला थेंब आहे. मात्र दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. थेंबांनी भागले नाही तर लेझर आणि शस्त्रक्रिया आहे.

कुणी म्हणेल, औषध म्हणून घेतले तर पंचशील कुठे मोडते? प्रश्न रास्त आहे. धम्म औषधाच्या आड येत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर वेगळे प्रकरण असून डोळे दुखणाऱ्या भिक्खूला अंजन वापरण्याची अनुमती त्यात आहे. पण चांगले औषध हाताशी असताना नशा आणणारे आणि अपुरे पडणारे औषध निवडणे हा प्रमादच. पाचवे शील आपल्याला त्याच प्रमादापासून जपते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला काचबिंदू असलेल्यांनी, मधुमेहींनी आणि बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी डोळ्यांचा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यावी. येत्या १४ एप्रिलला तुमच्या मंडळाने नेत्रतपासणी शिबिर ठेवले, तर चष्म्याच्या नंबरावर थांबू नका. दाब मोजण्याचे यंत्र आणायला सांगा.

काकांना आम्ही दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे नेले. थेंब पुन्हा सुरू झाले आहेत. मधल्या काळात जे गेले असेल ते परत येणार नाही, हे त्यांनाही आता कळले आहे. तुमच्या घरी कुणी थेंब बंद केले असतील, तर आजच विचारा.

जय भीम!