शिक्षण कर भरतो, मग शाळेचं छत का गळतं?

आज आपण बोलणार आहोत शाळेच्या पैशांबद्दल.

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे क्रेटने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. कांद्याचे लिलाव तर वर्षभर चालू असतात. मग बायकांच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "एवढी विक्री होते, तर शंभर रुपयांमागे आठ आणे आपल्या शाळेला का मिळू नयेत?"

प्रश्न भाबडा नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात असंच चालतं. तिथं स्थानिक लोक मतदान करून विक्रीवर १ टक्का जादा कर स्वतःवर लावून घेतात. तो फक्त शाळांसाठी असतो आणि जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी. त्यातून इमारती, संगणक, बस असा खर्च होतो. शिक्षकांचे पगार होत नाहीत. मुदत संपली की लोकांना पुन्हा विचारावं लागतं.

आपल्याकडे तसं करता येत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याचा पैसा केंद्र आणि राज्य सरकारकडे जातो. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला मालाच्या विक्रीवर स्वतःचा असा कर बसवता येत नाही. बाजार समिती खरेदीदाराकडून बाजार फी घेते, पण ती समितीच्या कामासाठी, बाजाराच्या सोयींसाठी असते.

मग शाळेसाठी आपण काहीच देत नाही का? देतो की! आयकर भरणाऱ्यांच्या करावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो. तो केंद्राकडे जातो. नगरपरिषदेच्या हद्दीत घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' असा वेगळा रकाना असतो. १९६२ च्या कायद्याने आलेला हा कर नगरपरिषद गोळा करते, पण तो राज्य सरकारकडे भरावा लागतो. पिंपळगाव आता ग्रामपंचायत राहिलेलं नाही, नगरपरिषद झाली आहे. म्हणून हा रकाना आपण नीट समजून घ्यायला हवा. शिक्षण कर भरला म्हणजे तो आपल्याच गल्लीतल्या शाळेला मिळाला, असं होत नाही.

ही तक्रार जुनीच आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला. त्यातला एक तृतीयांश भाग शाळांसाठी होता. तरी गावोगावच्या कुणब्यांची मुलं शाळेबाहेरच होती. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तेव्हा तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे साखर कारखाने आले. कित्येक सहकारी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापून शिक्षणसंस्था उभ्या केल्या. विक्रीवरच्या कराला सगळ्यात जवळची आपली गोष्ट हीच. त्यातून हायस्कुलं, कॉलेजं झाली, खेड्यातली मुलं इंजिनिअर झाली. पण वाडीवरच्या प्राथमिक शाळेच्या छताला त्यातून पत्रा मिळाला, असं क्वचितच झालं.

यातून आम्हाला एक गोष्ट कळते. पैसा गोळा होतो, पण तो कुठल्या कामासाठी, किती दिवसांत आणि कुणाच्या नजरेखाली खर्च होणार हे लिहून ठेवलेलं नसेल, तर तो आपल्या शाळेपर्यंत पोचत नाही. जॉर्जियातल्या करातून घ्यायचा धडा तो हाच.

आणि हे लिहून घ्यायची जागा आपल्याकडेही आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाचा खर्च तपासणं, ही त्या समितीची कामं आहेत. शाळेला समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येनुसार वर्षाला १० हजारांपासून १ लाखापर्यंत अनुदान मिळतं. त्यात खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती भागते. छत होत नाही. छतासाठी आराखड्यात ते काम अंदाजे खर्चासह लिहिलेलं असावं लागतं.

म्हणून आधी शाळा जिल्हा परिषदेची की नगरपरिषदेची, हे विचारून घ्या. ज्यांची शाळा, त्यांच्याकडेच आराखडा आणि अर्ज द्यायचा. तोही नवीन अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच कामाला लागायचं. अर्जाची पोच घ्या. आसपासच्या खेड्यांतल्या मैत्रिणींनी ग्रामसभेआधीच्या महिला सभेत शाळेचा ठराव मांडावा. ही सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

वर्गणी काढून भिंती रंगवणं चांगलंच. पण वर्गणी ही आपली हौस, आणि कर हा आपण आधीच दिलेला पैसा. त्याचा हिशेब मागताना संकोच कशाला?

यंदा घरपट्टीचं बिल आलं की भरण्याआधी एकदा सगळे रकाने वाचा. आणि समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना ते बिल पिशवीत ठेवा.