डोंगरावरचे प्रवचन आणि घरातली चूल

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात हे तीन अध्याय म्हणजे येशू ख्रिस्ताचे सुप्रसिद्ध ‘डोंगरावरील प्रवचन’. ते वाचायला अर्धा तास पुरे. आचरायला मात्र सारा जन्म अपुरा पडावा! शत्रूवर प्रेम करा, मागेल त्याला द्या, उद्याची चिंता करू नका – ऐकायला किती गोड! पण महिनाअखेरीस वाण्याची उधारी डोक्यावर असताना मागेल त्याला द्यायचे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मराठी माणसाला दूर जायला नको. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात सापडते. टिळकांना या प्रवचनानेच ओढून घेतले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, त्याही स्वतंत्र चूल मांडूनच. ज्या माहेरात बाजारातली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे, तिथली ही लेक! सोवळे तिच्या हाडीमांसी खिळलेले.

ते सोवळे कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने सुटले नाही. माणसे देवाने केली, मग ही उच्चनीचता कोणी केली, असा विचार बाईंनी आपला आपणच केला आणि भेद सोडून दिला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आचरण आधी, विधी मागाहून!

टिळकांचा हात मोकळा. घरखर्चाचे पैसे भलत्याच कामी लागायचे, नाहीतर कोणा गरजूच्या ओंजळीत पडायचे. पाहुणा केव्हा येईल याचा नेम नसे. जगाला टिळकांची उदारता दिसली; पण डब्यातले पीठ किती उरले, हे ठाऊक होते लक्ष्मीबाईंना! १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ही ओढाताण, टिळकांचा शीघ्रकोप, रुसवेफुगवे सारे हसत हसत सांगून टाकले आहे. नवऱ्याला त्यांनी देव्हाऱ्यात बसविले नाही, की आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. क्षमा म्हणतात ती याहून निराळी काय असते?

आणि हे केवळ सोसणे नव्हते. निराधार मुलांना त्यांनी पोटाशी धरले. प्लेगच्या छावणीत राहून रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यावाचून मायेत काही उणे पडले नाही. ज्या प्रेमाला मोबदल्यात धर्मांतरही नको असते, ते प्रेम खरे ख्रिस्ती म्हणावे.

टिळकांनी परका पोशाख चढविलेला ख्रिस्त आणला नाही. अभंग, भजन, कीर्तन या वाटांनीच त्यांनी तो मराठी मनापर्यंत नेला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच खुला. १९१९ साली ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. अवघे दहा-अकरा अध्याय झालेले ते महाकाव्य पुढे चालविण्याचे काम हाती घेतले ते याच, शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीने! १९३६ साली त्या निवर्तल्या. ग्रंथ पूर्ण केला मुलाने.

वाचकहो, धर्म कोणताही असो, घरातला एकजण उदार झाला म्हणजे त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतोच. दाराशी आलेल्याला आपण जेवायला बसवितो, तेव्हा स्वयंपाकघरात कोण उपाशी राहिले, हेही पाहावे. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी धाडताना ते करणाऱ्या हातांची विचारपूस करावी. ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा पाळायची तर सर्वांत जवळचा शेजारी आपल्याच घरात असतो.