नावातल्या एका चिन्हामुळे सर्व्हर का अडतो? समजून घ्या 'एरर १०६४'

आरे कॉलनीला लागून असलेलं मरोळ हे ईस्ट इंडियन समाजाचं जुनं गाव. इथून थेट वसईपर्यंत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावं सर्रास आढळतात. मराठीत ती सलग लिहितात, पण इंग्रजीत बऱ्याचदा 'डी' या अक्षरानंतर वर एक छोटं चिन्ह येतं, ते म्हणजे अपॉस्ट्रॉफी. ऑनलाइन फॉर्म भरताना हेच चिन्ह घोळ घालू शकतं. सबमिट दाबलं की स्क्रीनवर येतं, 'डेटाबेस एरर'.

नेमकं काय बिघडतं?

वेबसाइट तुमची माहिती डेटाबेसमध्ये टाकण्यासाठी एसक्यूएल या भाषेत एक आज्ञा पाठवते. तिला क्वेरी म्हणतात. या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा असतो. उदाहरणार्थ, नाव = 'पाटील'. इथे सगळं ठीक आहे.

आता नाव = 'डी'सोझा' असं गेलं, तर 'डी' नंतरचं चिन्ह पाहून डेटाबेसला वाटतं, नाव संपलं. मग उरलेल्या 'सोझा'चं काय करायचं? वाक्यच मोडतं आणि क्वेरी नाकारली जाते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये या चुकीचा क्रमांक आहे १०६४, म्हणजे व्याकरणाची चूक.

गंमत म्हणजे काही फोन सरळ चिन्हाऐवजी वळणदार चिन्ह टाकतात. त्याने क्वेरी मोडत नाही. त्यामुळे तोच फॉर्म एका फोनवरून जातो, दुसऱ्यावरून अडकतो.

चूक शोधतात कशी?

एररचा क्रमांक आधी बघायचा. १०६४ म्हणजे वाक्यरचना चुकली. १०५४ म्हणजे क्वेरीत सांगितलेला रकानाच सापडला नाही. ११४६ म्हणजे तक्ताच नाही. १०६४ मध्ये डेटाबेस जिथे अडखळला, तिथून पुढचा मजकूरही दाखवतो. खरा दोष बहुतेकदा त्या मजकुराच्या सुरुवातीला किंवा त्याच्या लगेच आधी असतो. आपल्या उदाहरणात तो 'सोझा'पासून पुढचा भाग दाखवेल.

इमोजीचं काय?

कधी क्वेरी बरोबर असते, पण माहिती मावत नाही. 'आरे' हा शब्द संगणकात ९ बाइट घेतो, कारण आ, र आणि मात्रा यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. झाडाच्या इमोजीला मात्र एकट्यालाच ४ लागतात. मायएसक्यूएलची जुनी 'यूटीएफ८' पद्धत एका चिन्हाला ३ बाइटपेक्षा जास्त जागा देत नाही. तिथे मराठी मजकूर बिनधास्त जातो, पण इमोजी टाकला की १३६६ क्रमांकाची एरर येऊ शकते.

यात एवढं गंभीर काय?

पहिली गोष्ट हक्काची. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली २,६४६ झाडं तोडण्याच्या किंवा हलवण्याच्या प्रस्तावावर मुंबई महापालिकेकडे हजारो हरकती आल्या होत्या. हरकतींना मुदत असते. अशी हरकत ऑनलाइन भरताना फॉर्म अडला आणि तारीख उलटली, तर नागरिकाचं म्हणणं नोंदलंच जात नाही. चिन्ह गाळून फॉर्म भरावा, तर नाव बाकीच्या कागदपत्रांशी जुळत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. साध्या आडनावाने क्वेरी मोडत असेल, तर कुणी मुद्दाम तिथे स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून यावर जाहीरपणे लिहिलं जातंय, तरीही असे हल्ले थांबलेले नाहीत.

उपाय सोपा आहे. आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवायची. याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात. मग नावात कोणतंही चिन्ह असो, डेटाबेस त्याला फक्त मजकूर मानतो.

तुम्ही काय कराल?

- सबमिट पुन्हा पुन्हा दाबू नका. पैसे भरले असतील तर आधी बँकेचा मेसेज तपासा.
- तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. मुदतीच्या कामात तोच पुरावा ठरू शकतो.
- स्क्रीनशॉट थेट सोशल मीडियावर टाकू नका. त्यात तुमची माहिती आणि तक्त्यांची नावं दिसू शकतात. संबंधित हेल्पलाइनला ईमेल करा आणि मुदत जवळ असेल तर अर्ज लेखीही द्या.

आणि कुणी म्हणालं, 'तुमच्या नावातच प्रॉब्लेम आहे', तर सांगा, प्रॉब्लेम नावात नाही, वेबसाइटच्या कोडमध्ये आहे.