आठ जीबी की बारा? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

बारावीचा निकाल लागून प्रवेशाचं नक्की झालं, की लातूर-नांदेडच्या अनेक घरांत मुलाच्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. अभ्यासासाठी मागितलेल्या या यंत्रात गेमही चालायला हवेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांवर पटकन एकमत होतं आणि घोडं अडतं ते ग्राफिक्स कार्डावर. मधल्या बजेटमध्ये एनव्हिडियाची दोन नावं हमखास समोर येतात: बारा जीबीचं आरटीएक्स 3060 आणि आठ जीबीचं आरटीएक्स 4060. “बारा आठपेक्षा जास्तच ना?” असं वडील विचारतात.

जास्त आहेच, पण वेग जीबीवर ठरत नाही. मेमरी ही गेममधल्या चित्रांचं साहित्य ठेवायची जागा, आणि चित्र काढायचं काम चिपचं. जागा अपुरी पडली तर काम अडतं; जागा वाढवली म्हणून चिप मात्र जोरात पळत नाही. जीटी 730 हे कार्ड 2014 सालचं. त्याचं चार जीबीचं मॉडेल बाजारात मिळतं, पण आजचे मोठे गेम त्याला झेपत नाहीत. जीटी 1030ची गोष्ट तर ग्राहकाने लक्षातच ठेवावी अशी आहे. 2017 साली आलेल्या कार्डात जीडीडीआर5 मेमरी होती, माहिती वाहण्याचा वेग सेकंदाला 48 जीबी. 2018 मध्ये त्याच नावाने डीडीआर4 मेमरीचं कार्ड आलं आणि हा वेग साधारण 17 जीबीवर घसरला. नाव तेच, दोन जीबीचा आकडाही तोच.

आता मूळ जोडीकडे. 3060 आलं फेब्रुवारी 2021 मध्ये, 4060 जून 2023 मध्ये. कोअर मोजले तर 3060मध्ये 3584 आणि 4060मध्ये 3072. मेमरीचा वेग अनुक्रमे 360 आणि 272 जीबी. म्हणजे या आकड्यांत जुनं कार्ड पुढे. तरीही फुल एचडी स्क्रीनवर बहुतेक गेममध्ये 4060 सुमारे 15 ते 20 टक्के जास्त फ्रेम देतं. त्याचा क्लॉक 2.46 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, 3060चा 1.78पर्यंत. शिवाय चिपच्या आतली एल2 कॅश 3 एमबीवरून 24 एमबी झाली, त्यामुळे बाहेरच्या मेमरीकडे धाव घेण्याची गरजच कमी पडते. कोअरची संख्या एकाच पिढीतल्या कार्डांत तुलनेला बरी. पिढी बदलली की तिच्यावर विसंबू नये.

मग बारा जीबी निरुपयोगी का? मुळीच नाही. मार्च 2023 मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 1’मध्ये टेक्श्चर सर्वांत वर नेले की आठ जीबी भरून जातात आणि खेळ अडखळू लागतो. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला घरी मशीन लर्निंगची मॉडेल चालवायची असतील, ब्लेंडरमध्ये मोठे सीन रेंडर करायचे असतील, तर तिथे मेमरीत मावणं ही पहिली अट असते. अशा कामाला 3060 चांगलं. फक्त त्याचं आठ जीबीचं मॉडेलही आहे, 192 ऐवजी 128 बिटचं आणि स्पष्टपणे संथ. खोक्यावर बारा जीबी आणि 192 बिट हे दोन्ही वाचूनच पैसे द्यावेत.

कंपनीच्या तक्त्यात नवं कार्ड दुप्पट उंच दिसतं, त्यामागे अनेकदा फ्रेम जनरेशन असतं. दोन खऱ्या फ्रेममध्ये एक तयार केलेली फ्रेम घातली जाते. चित्र गुळगुळीत दिसतं, माऊसला मिळणारा प्रतिसाद मात्र तेवढा झटपट होत नाही. ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला तर याची गरजच नाही. 144 फ्रेमसाठी रायट कंपनीने जीटीएक्स 1050 टीआय पुरेसं सांगितलं होतं. आणि मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला 60पेक्षा जास्त फ्रेम तो दाखवूच शकत नाही. अशा घरात महागड्या कार्डाआधी मॉनिटर बदलणं शहाणपणाचं.

मराठवाड्यात सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो उन्हाळा. मे महिन्यात नांदेडचा पारा 42-43 अंशांवर जातो. खोली जितकी तापते, जवळपास तितकंच कार्डाचं तापमानही चढतं. 25 अंशांच्या खोलीत 65वर चालणारं कार्ड 40 अंशांच्या खोलीत 80च्या आसपास जाणारच. हा आकडा पाहून कार्ड जळालं असं समजू नये. एनव्हिडियाने 4060साठी 90 आणि 3060साठी 93 अंशांची मर्यादा दिली आहे, आणि तिच्याजवळ पोचलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. खरी गरज असते ती हवा खेळती ठेवणाऱ्या कॅबिनेटची आणि साचलेली धूळ वेळच्या वेळी काढण्याची. तीन पंख्यांचं 4060 थंड आणि शांत राहील, पण त्याची चिप दोन पंख्यांच्या 4060मधलीच असते.

इथे 4060ची बाजू आणखी भक्कम होते. ते 115 वॅट घेतं, 3060 घेतं 170. रोज चार तास पूर्ण भाराने चालवलं तर महिन्याला 6.6 युनिटचा फरक पडतो. वीजबिलात तो किरकोळ, पण ती 55 वॅटची उष्णता त्याच बंद खोलीत पडते आणि लाईट गेल्यावर यूपीएसवरचा भारही तेवढाच वाढतो. दोन्ही कार्डांसाठी 550 वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या लोकल एसएमपीएसवर लिहिलेले वॅट खरे धरून त्याला नवं कार्ड जोडणं ही सर्वांत वाईट बचत.

जुन्या कार्डांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं आणि जगभर वापरलेली कार्डं विक्रीला आली. ती सगळीच भंगार नव्हती. सततच्या वापराने आधी झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. मात्र जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डंही बाजारात फिरतात. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम त्यातली बरीच पकडतो.

फक्त फुल एचडी गेमिंग असेल तर 4060 घ्यावं. मॉडेल आणि रेंडरिंगचं काम असेल तर बारा जीबीचं 3060. खरेदी गावातून असो की हैदराबादच्या बाजारातून, सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या, आणि वॉरंटीत बिघडलेलं कार्ड नेमकं कोणत्या शहरात जमा करावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा.